बारा महिन्यांच्या आत

मुलगी 13 वर्षांची होती. पुरुष तिच्याहून वयानं पुष्कळ मोठा. त्यानं तिच्याशी शरीरसंबंध ठेवले. तिनं त्या वेळी कुणाला काही सांगितलं नाही, आणि ती पोलिसांपर्यंत पोचली तेव्हा वर्ष केव्हाच उलटून गेलेलं होतं. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात या गुन्ह्याचा खटला बारा महिन्यांच्या आत सुरू करावा लागे. तेरावा महिना लागला की दार बंद.

सरकारी वकिलांनी दुसरं दार शोधलं. 14 ऑक्टोबर 2004 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे त्या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, चार विरुद्ध एक अशा मतानं तेही बंद केलं. हा खटला ‘आर विरुद्ध जे’ या नावानं ओळखला जातो. ‘आर’ म्हणजे राणी, अर्थात सरकार पक्ष. ‘जे’ हे आरोपीसाठी वापरलेलं अक्षर. अशा खटल्यात आरोपीचं नाव छापलं की त्यावरून मुलगी कोण हे गावाला कळू शकतं, म्हणून फक्त अक्षर.

फौजदारी वकिली करताना आणि नव्या वकिलांना शिकवताना मी या निकालाकडे पुन्हा पुन्हा जाते. बहुमतातले चार न्यायमूर्ती कायदा वाचण्यात बरोबर होते असं मला वाटतं. वेगळं मत देणाऱ्या पाचव्या न्यायमूर्तींना ती मुलगी जास्त स्पष्ट दिसली होती असंही वाटतं. मग चुकलं कोण, याचं उत्तर कोर्टाबाहेर सापडतं. शिवाय दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. अशीच एक वर्षाची मुदत आपल्या कायद्यात आहे, आणि 2023 साली नवा कायदा लिहिताना ती जशीच्या तशी पुढे उतरवली गेली.

दोन कलमं, एकच कृत्य

1956 च्या इंग्लिश लैंगिक गुन्हे कायद्यात मुलीच्या वयाची एक रेघ 13 वर होती आणि दुसरी 16 वर. मुलगी 13 पेक्षा लहान असेल तर कलम 5 लागे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, आणि खटल्याला मुदत नाही. ती 13 पूर्ण पण 16 च्या आत असेल तर कलम 6. इथे कमाल शिक्षा फक्त दोन वर्षं. मुलगी राजी होती की नव्हती याला दोन्ही कलमांत किंमत नव्हती. मात्र कलम 6 मध्ये 24 वर्षांच्या आतल्या तरुणाला एक बचाव होता: पूर्वी असा आरोप त्याच्यावर आलेला नसेल आणि मुलगी 16 ची आहे असं त्याला सकारण वाटलं असेल, तर तो सुटे. कायद्याच्या शेवटी, परिशिष्टातल्या तक्त्यात, एक छोटीशी ओळ होती. कलम 6 खालचा खटला गुन्ह्यानंतर बारा महिने उलटल्यावर सुरू करता येणार नाही.

या ओळीचा अर्थ एका मुलीच्या बाजूनं लावून पाहा. तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिच्यावर हात टाकणाऱ्याला जन्मभर कायद्याची भीती. वाढदिवसानंतर तेच करणाऱ्याला एक वर्ष कळ काढली की झालं.

याच कायद्यात कलम 14 होतं, आपल्याकडच्या विनयभंगाच्या जवळ जाणारं: स्त्रीवर केलेला असभ्य हल्ला. 16 च्या आतली मुलगी त्याला संमती देऊच शकत नाही असं ते कलम सांगे. कमाल शिक्षा 1985 पासून दहा वर्षं. मुदत नाही. शरीरसंबंध म्हटला की स्पर्श आलाच, आणि संमती कायद्यानं बाद केली की तो स्पर्श हल्ला ठरतो. म्हणजे कलम 6 मध्ये बसणारं कृत्य कलम 14 मध्येही बसत होतं. सरकारी वकिलांना हे ठाऊक होतं, आणि मुदत टळलेल्या प्रकरणांत ते कलम 14 लावत. ‘जे’च्या बाबतीत तेच झालं. त्यांच्या हेतूत मला काही वाईट दिसत नाही. समोर एक मुलगी होती, तिचं म्हणणं विश्वासार्ह वाटत होतं, आणि कायद्याच्या पुस्तकात एक उघडं कलम होतं.

तो दोषी ठरला. अपील न्यायालयानंही ते कायम ठेवलं. हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर प्रश्न आला तो असा: जे कृत्य मुदतीमुळे कलम 6 खाली आणता येत नाही, नेमकं तेच कृत्य, जोडीला वेगळं काहीही नसताना, कलम 14 चं नाव देऊन आणता येईल का?

ही मुदत आली कुठून

यासाठी 1885 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात विल्यम स्टेड या संपादकानं ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लंडनमधल्या कोवळ्या मुलींच्या खरेदी-विक्रीवर लेखमाला छापली. पाच पौंडांत 13 वर्षांची मुलगी मिळते हे दाखवायला त्यानं स्वतःच तसा व्यवहार घडवून आणला, आणि त्यापायी पुढे तीन महिने तुरुंगात काढले. लोक रस्त्यावर आले. रखडत पडलेलं विधेयक घाईघाईनं मंजूर झालं आणि ऑगस्टमध्ये संमतिवय 13 वरून 16 वर गेलं.

त्याच वेळी संसदेत एक भीती वारंवार बोलून दाखवली गेली. चौदा-पंधरा वर्षांच्या चलाख मुली चांगल्या घरातल्या पुरुषांना अडकवतील, खोटी तक्रार करू म्हणून पैसे उकळतील. कायद्यात मुदत घातली गेली ती या भीतीच्या सावलीत, आणि किती, तर तीन महिने. हिशेब करा. चौदा वर्षांच्या मुलीला दिवस गेले तर ते तिच्या आईच्या लक्षात येईपर्यंत तीन महिने सहज सरतात. ज्या एका गोष्टीमुळे असं प्रकरण हमखास उघडकीला येतं, ती दिसायच्या आत दार लागलेलं असे.

मुदत पुढे वाढत गेली, पण किती सावकाश! 1904 मध्ये सहा महिने. 1922 मध्ये नऊ. 1928 मध्ये बारा. तिथून पुढे ती 2004 पर्यंत, तब्बल 76 वर्षं, बारा महिन्यांवर खिळून राहिली.

जाता जाता एक नोंद. लंडनमध्ये हा कायदा झाल्यावर महिनाभरानं, सप्टेंबर 1885 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी पाठवण्याचा हुकूम द्यायला नकार दिला. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लागलेलं होतं. पुढची काही वर्षं मुंबई-पुण्यात संमतिवयाचा वाद पेटत राहिला, टिळक विधेयकाच्या विरोधात आणि आगरकर बाजूनं उभे राहिले, आणि 1891 मध्ये आपल्याकडची मर्यादा 10 वरून 12 वर आली. दहावरून बारा! आज ते आकडे वाचताना अंगावर काटा येतो.

1922 चा कायदा या खटल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. त्या एकाच कायद्यानं दोन गोष्टी केल्या. शरीरसंबंधाच्या गुन्ह्याची मुदत सहावरून नऊ महिन्यांवर नेली, आणि असभ्य हल्ल्याच्या गुन्ह्यात 16 च्या आतल्या मुलीची संमती बाद ठरवली. दोन्ही कलमं एकमेकांवर चढली ती तिथे. त्याआधी 13 ते 16 मधली मुलगी राजी असेल तर असभ्य हल्ल्याचा गुन्हा होतच नसे, म्हणून पळवाटही नव्हती. आता विचार करा: जी संसद मुदत सहाची नऊ करायला बसली होती, तिनं त्याच बैठकीत ती मुदत निरर्थक करून ठेवली असं मानायचं का? बिनमुदतीचं कलम बाजूलाच ठेवून नऊ महिन्यांचा हिशेब कशाला करत बसली असती ती?

चार विरुद्ध एक

बहुमताचं मुख्य मत लॉर्ड बिंगहॅम यांनी लिहिलं. त्याचा गाभा साधा आहे. संसदेनं एका कृत्याच्या खटल्याला स्पष्ट मनाई केली असेल तर सरकार पक्षाला त्याच कृत्याला दुसरं नाव देऊन ती मनाई ओलांडता येत नाही. कायदा सगळा मिळून वाचायचा असतो. एक कलम वाचताना दुसऱ्याचा जीव जात असेल तर वाचनात चूक आहे. ही मुदत आजच्या काळाला शोभत नाही हे खरं असेलही, पण न शोभणारा कायदा कोर्टानं डोळेझाक करून पाळायचा सोडला तर उद्या कोणता पाळायचा हे कोण ठरवणार? म्हणून कृत्य निव्वळ शरीरसंबंधाचं असेल, तर बारा महिन्यांनंतर कलम 14 लावता येणार नाही. फक्त त्यावर उभी असलेली दोषसिद्धी रद्द झाली.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच 1991 मध्ये न्यू साउथ वेल्समधून आला होता. आरोपीचं नाव सरस्वती. तिथेही मुदत टळलेल्या गुन्ह्याऐवजी हलकं कलम लावलं होतं, आणि तिथेही तीन विरुद्ध दोन मतांनी तो मार्ग नाकारला गेला. दोन देशांत, दोन्ही वेळा न्यायमूर्तींमध्ये फूट. प्रश्न अवघड होता याची ही खूण आहे.

वेगळं मत बॅरोनेस हेल यांचं. त्याच वर्षी जानेवारीत त्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठावर आल्या होत्या. त्या पीठाच्या इतिहासातली पहिली स्त्री, आणि हयात कुटुंब कायद्यात गेलेली. त्यांचा मुद्दा भावनेवर उभा नव्हता, शब्दांवर उभा होता. मुदतीची ओळ फक्त कलम 6 चं नाव घेते. कलम 14 ला मुदत लावावी असं संसदेला वाटलं असतं तर तिनं तसं लिहिलं असतं. जे कृत्य कलम 14 च्या शब्दांत सरळ बसतं ते त्या कलमाबाहेर काढायचा अधिकार कोर्टाला कुठून मिळाला?

मी बहुमताच्या बाजूनं झुकते, आणि ते सहज झुकत नाही. माझं कारण त्या 24 वर्षांच्या आतल्या तरुणात आहे. कलम 14 चा मार्ग मोकळा ठेवला की एकटी मुदतच जात नाही. त्या तरुणाचा बचाव जातो, दोन वर्षांची कमाल शिक्षाही जाते. पंधरा वर्षांच्या वर्गमैत्रिणीच्या प्रेमात पडलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांच्या मुलीला जाळ्यात ओढणारा प्रौढ, दोघांनाही सरकारी वकिलाच्या मर्जीनं एकाच दहा वर्षांच्या कलमाखाली उभं करता येतं. वकिलाच्या मर्जीवर चालणारा कायदा मला नको. आज ती मर्जी मुलीच्या बाजूनं आहे म्हणून हवीशी वाटते, एवढंच.

पण मुलगी बारा महिन्यांत का बोलली नाही, हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. मुदतीच्या कायद्यात हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्याबाबतीत गुन्हा घडला आहे हेच पुष्कळदा कळत नसतं. तिला ते प्रेम वाटतं. तसं वाटावं म्हणून त्या माणसानं महिनोन् महिने मेहनत घेतलेली असते: भेटवस्तू, ‘तू इतरांसारखी नाहीस’, ‘हे आपल्या दोघांतलं’. तो तिचा शिकवणीचा सर असतो, घरी येणारा काका असतो, खेळाचा प्रशिक्षक असतो. तिनं सांगितलं तर आई आधी काय विचारील हे तिला पक्कं माहीत असतं: ‘तू गेलीसच कशाला?’ आणि ते संबंध वर्षभराहून जास्त चालले, तर पहिल्या घटनेची मुदत तो तिच्या आयुष्यात असतानाच संपलेली असते. जे झालं त्याचं खरं नाव पुष्कळ जणींना विसाव्या-पंचविसाव्या वर्षी सापडतं, काहींना तर स्वतःची लेक तेरा वर्षांची झाली की. कायद्याचं घड्याळ मात्र कृत्याच्या दिवसापासून चालू झालेलं असतं, ती मूल असताना, तिच्या नकळत.

दिवाणी दाव्यांत आपण असं करत नाही. अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा दावा असेल तर त्याची मुदत साधारणपणे तो सज्ञान झाल्यावर मोजायला लागतात. शेताच्या बांधासाठी जे शहाणपण कायद्याला सुचलं, ते मुलीच्या शरीरासाठी सुचायला इतकी वर्षं लागावीत?

निकालाचा उलटा परिणाम

निकालानं एक फट ठेवली होती. शरीरसंबंधाखेरीज वेगळं, स्वतंत्र असं काही असभ्य कृत्य घडलं असेल, तर त्यासाठी कलम 14 लावता येईल. तर्कानं हे बरोबरच आहे. पण याचं व्यवहारात काय होतं ते पाहा.

समजा, एक स्त्री 1995 मधल्या प्रसंगाबद्दल आज बोलायला आली. तेव्हा ती 14 ची होती. पोलिस अधिकारी तिला विचारणार: तुझ्यावर जबरदस्ती झाली होती का? ती ‘हो’ म्हणाली तर तो बलात्कार, आणि त्याला मुदत नाही. ती प्रामाणिकपणे ‘नाही, मला तेव्हा तो आवडत होता’ म्हणाली, तर पुढचा प्रश्न: संबंधाखेरीज त्यानं वेगळं काही केलं होतं का, आधी, नंतर, दुसऱ्या दिवशी? केलं असेल तर त्या हलक्या कृत्यासाठी खटला उभा राहतो. जे सगळ्यात गंभीर, त्यासाठी नाही. एका बाईला तिच्या आयुष्यातली सगळ्यात जड आठवण बाजूला ठेवून तिच्या कडेच्या आठवणी शोधायला सांगायचं, हे या मुदतीनं लावलेलं काम आहे. आणि सत्य सांगणारीला कमी न्याय, हेही तिचंच.

नवा कायदा तोवर आलेला होता. 2003 च्या लैंगिक गुन्हे कायद्यानं 16 च्या आतल्या मुलांविषयीच्या गुन्ह्यांची नव्यानं मांडणी केली. मुलगा-मुलगी भेद काढला, प्रौढानं केलेल्या अशा कृत्याला 14 वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, मुदत काढून टाकली. तो 1 मे 2004 पासून लागू झाला. निकाल आला त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, पण जुन्या कायद्याखालच्या जुन्या कृत्याबद्दल. नवा कायदा मागे हात घालू शकत नव्हता.

हे मागे हात न घालणंही जुनं आहे, आणि त्याचा उगम याच मुदतीत सापडतो. 1904 मध्ये मुदत तिनाची सहा महिने झाली, तेव्हा एक आरोपी कात्रीत सापडला. त्याचं नाव चंद्र धर्म. कृत्य नव्या कायद्याआधीचं, नवा कायदा आला तेव्हा जुने तीन महिने पुरे व्हायचे होते, आणि खटला सुरू झाला तो तीन महिन्यांनंतर पण सहाच्या आत. 1905 मध्ये न्यायालयानं सांगितलं की मुदत ही कार्यपद्धतीची बाब आहे, नवी मुदत त्याला लागेल. पण जुनी मुदत आधीच पूर्ण संपलेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, असा इशाराही त्या निकालात आहे. चालू घड्याळ लांबवता येतं. थांबलेलं पुन्हा चालू करणं ही वेगळी बाब. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून 2003 मध्ये स्टॉग्नर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, हीच रेघ ओढली: कॅलिफोर्नियानं 1993 मध्ये बालकांवरील अत्याचारांच्या संपलेल्या मुदती जिवंत करणारा कायदा केला होता, तो 1955 ते 1973 मधल्या कृत्यांना लावता येणार नाही. म्हणून मुदत काढायची तर वेळेत काढावी लागते. उशीर झाला की मधल्या सगळ्या मुली सुटून जातात, कायमच्या.

लॉर्ड्सच्या निकालानंतर दुसऱ्या टोकानं प्रश्न आला. ज्यांना याआधी कलम 14 खाली शिक्षा झाली होती ते अपिलात येऊ लागले. 2007 मध्ये कॉट्रेल आणि फ्लेचर यांच्या प्रकरणांत अपील न्यायालयानं सांगितलं की कायद्याचा अर्थ नंतर बदलला एवढ्यावरून जुने निकाल उकरायचे नाहीत, मोठा अन्याय झालेला दिसला पाहिजे. पुढच्या वर्षी संसदेनंही कायद्यात तशी तरतूद केली.

आपल्याकडची ओळ

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 198 चं उपकलम 6. पुरुषानं स्वतःच्या 18 वर्षांखालच्या बायकोशी केलेला संभोग बलात्कार ठरत असेल, तर गुन्ह्यापासून एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर कोणतंही न्यायालय त्याची दखल घेणार नाही. तिथला वयाचा आकडा आधी 15 होता, 2008 च्या दुरुस्तीनं 18 झाला. पण भारतीय दंड संहितेतला अपवाद 15 वरच होता. पंधरा ते अठरामधली मुलगी लग्नाची असेल तर नवऱ्याविरुद्ध गुन्हाच नाही.

11 ऑक्टोबर 2017 रोजी ‘इंडिपेंडंट थॉट’ या संस्थेच्या याचिकेवर न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी त्या अपवादातला वयाचा आकडा 15 वरून 18 वर नेला. तो निकाल ऐकून आमच्यातल्या कित्येकांना आनंद झाला, मलाही झाला. पण न्या. गुप्ता यांच्या निकालपत्रात एक वाक्य आहे: अशा खटल्यांना 198 चं उपकलम 6 लागू राहील, दखल त्यानुसारच घेता येईल. हक्क मिळाला तो वर्षाचं घड्याळ बांधूनच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्यात ही ओळ कलम 219 च्या उपकलम 6 मध्ये बसली आहे.

ती किती आखूड आहे ते वयात मोजा. मुलगी 18 ची झाली की त्यानंतरचे संबंध या गुन्ह्यात येत नाहीत. म्हणजे शेवटच्या कृत्याचीसुद्धा मुदत तिच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला संपते. बालविवाह प्रतिबंधक कायदा तिला लग्न रद्द करून घ्यायला सज्ञान झाल्यावर दोन वर्षं, म्हणजे विसाव्या वाढदिवसापर्यंत देतो. लग्न मोडायला वीस, त्या लग्नात झालेल्या बलात्काराला एकोणीस. शिवाय संहितेतल्या मुदतीच्या सर्वसाधारण प्रकरणात (चॅप्टरमध्ये) उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो त्या प्रकरणातल्या मुदतींपुरता. ही ओळ त्या प्रकरणाबाहेर आहे.

आता ‘आर विरुद्ध जे’ आठवा, कारण आपल्याकडे तोच पेच उभा आहे. हेच कृत्य पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यातही बसतं. नवरा लग्नानं झालेला नातेवाईक, म्हणून कलम 5 (एन) आणि 6, आणि इतक्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नाही. मग एका कलमाखाली मुदत टळलेलं कृत्य दुसऱ्याखाली आणता येईल का? माझं वाचन असं: आपल्याकडे येईल, आणि लॉर्ड बिंगहॅम यांच्या तर्काला धक्का न लावता येईल. इंग्लंडमध्ये दोन कलमं एकाच कायद्यात होती आणि संसदेचा हेतू शोधावा लागला. आपल्या संसदेनं पोक्सो हा बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि 2013 मध्ये कलम 42अ घालून सांगून टाकलं की विसंगती आली तर पोक्सो वरचढ. इथे वकील मनाई चुकवत नाही, संसदेनं दिलेला रस्ता वापरतो. तरी बचाव पक्ष 2017 च्या निकालातलं ते वाक्य काढणार, हे धरून चालावं.

समजा, ऊसतोडीच्या पट्ट्यातली एक मुलगी. सोळाव्या वर्षी लग्न, अठराच्या आत एक मूल, एकविसाव्या वर्षी नवऱ्यानं टाकून दिल्यावर ती पोटगीसाठी वकिलाकडे येते. तारखा लिहून घेताना वयाचा हिशेब निघतो आणि ती विचारते, ‘ताई, आता उशीर झाला का?’ बलात्काराच्या कलमाखाली, हो, झाला. पोक्सोखाली नाही. फिर्याद लिहिताना पोक्सोची कलमं पहिल्या ओळीत यावीत, कारण फक्त बलात्काराचं कलम लिहिलेला कागद पहिल्याच तारखेला मुदतीवर पडू शकतो. शाळा सोडल्याचा दाखला आधी मिळवावा. वयाच्या पुराव्यात शाळेचा किंवा दहावीचा दाखला पहिला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि हाडांची तपासणी त्यानंतर. घटना एकत्र ‘लग्नापासून’ अशा न लिहिता साल आणि महिन्यासकट वेगवेगळ्या लिहाव्यात.

आणि कागदाला हात लावायच्या आधी तिला एक गोष्ट सांगावी. ऑगस्ट 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कृत्यांना पोक्सोच्या कलम 6 खाली किमान वीस वर्षांची शिक्षा आहे, त्याआधीच्यांना किमान दहा. तो माणूस तिच्या मुलाचा बाप आहे. फिर्याद द्यायची की नाही हे तिनं ठरवायचं आहे, आणि ठरवायला तिला वेळ द्यावा. एवढा वेळ तरी आता कायद्यानं तिला दिलेला आहे.